बोटभर माया

फोन सूनबाईने उचलला, कारण त्या वेळी घरात जागी अशी दोनच माणसं होती आणि त्यातलं दुसरं मागच्या खोलीत रंधा मारत होतं. रंधा हातात असला की बाबांच्या कानाशी ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागत नसे.

पलीकडे बेबी होती. बेबी म्हणजे शिंपीकाकांची मुलगी. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही.

"वहिनी, अण्णा गेले," ती म्हणाली. "आत्ताच, थोड्या वेळापूर्वी. आडवं होता येत नव्हतं ना, रात्रभर पलंगाच्या काठावर बसून होते. मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. टेकले होते माझ्यावर. मला वाटलं, लागला एकदाचा डोळा." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्याकडे काकांना तुम्हीच सांगा. माझ्याच्याने नाही व्हायचं."

सूनबाई "हो" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिने फोन ठेवला, चहाखालचा गॅस बंद केला, पुन्हा पेटवला, आणि पाणी आटत आलं तरी तिथेच उभी राहिली. मागून रंध्याचा आवाज येत होता. लांब, सरळ, मध्ये न अडखळणारा. कित्येक महिन्यांत बाबांचा हात इतका सरळ चालला नव्हता.

नवरा डोळे चोळत आला. "एवढ्या सकाळी कुणाचा फोन?"

तिने सांगितलं. तो मटकन खाली बसला. मग उठला, ताईला उठवायला म्हणून दारापर्यंत गेला, आणि तिथूनच परत येऊन पुन्हा बसला. शेवटी ताई आपणहून उठून आली. ताई त्याची मोठी बहीण, इस्पितळात परिचारिका. काल खुर्ची पोचवायच्या गडबडीत उशीर झाला म्हणून माहेरीच राहिली होती. ऐकल्यावर तिने तोंडावर हात धरला, डोळे मिटले, आणि मग हात काढून कामावर असल्यासारखी म्हणाली, "बाबांना कळलं?"

"नाही अजून."

"मग असे बसलाय काय दोघं? चला, सांगून टाकू."

"थांब ना ताई," नवरा म्हणाला. "त्यांचं ते होऊ दे."

"काय होऊ दे?"

"खुर्ची. थोडंच राहिलंय."

ताईने भावाकडे असं पाहिलं, की सूनबाईला वाटलं, आता हिचा आवाज चढणार. पण ती हळूच म्हणाली, "कुणासाठी रे?"

सूनबाईने तीन कपांत चहा गाळला आणि कुणीच प्यायला नाही.

त्या खुर्चीपायी या घरातल्या माणसांनी काय काय केलं होतं, हे एकदा सांगायलाच हवं, नाहीतर तो चहा का गार झाला ते कळायचं नाही.

बाबा काही सुतार नव्हेत. उभा जन्म त्यांनी टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून तिकिटं विकली. शिंपीकाकांचं दुकान त्याच कचेरीच्या भिंतीला लागून. दुपारच्या सुट्टीत बाबा डबा घेऊन दुकानात जायचे, आणि घरी आल्यावर मागच्या खोलीत त्याच दुकानासाठी काहीतरी ठोकत बसायचे. आधी कापड मोजायचा गज केला. मग रिळं अडकवायची फळी, मग इस्त्री टेकवायची घोडी, मग आरशाची चौकट, जी एवढी मोठी झाली की आरसा आत डुगडुगायचा. शिंपीकाका प्रत्येक वस्तू हातात घेऊन म्हणायचे, "झकास. गिऱ्हाईक घाबरेल, पण झकास." त्या बदल्यात बाबांचे सगळे सदरे त्यांनी शिवले, आणि दर वेळी शिवण उलटी करून दाखवली. "हे बघ, आत माया ठेवलीये. तुझं पोट सुटणार आहे, मला आजच दिसतंय." शिवणीत आतल्या बाजूने राखलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. पोट सुटलं तेव्हा काकांनी ती माया उसवून सदरे सैल केले, आणि बाबांच्या बायकोच्या माघारी बाबा वाळले तेव्हा काही न बोलता पुन्हा आत घेतले.

हा शब्द बाबांनी लाकडाला लावला. कापताना रेघेवर कापायचं नाही, रेघेच्या बाहेर बोटभर माया ठेवायची, मग रंध्याने उतरवत मापाला यायचं. कमी पडलेलं लाकूड कुठल्याच उपायाने वाढत नाही, असं ते पोरांना ओरडून सांगायचे. घरात ही सवय इतकी मुरली, की ताई सुद्धा पडद्याचं कापड आणायला गेली तर बोटभर जास्त आणते, आणि सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या महिन्यातच पोळपाटापासून पाटापर्यंत सगळं थोडं थोडं मोठं का, म्हणून बुचकळ्यात पडली होती. आता तीही तशीच झाली होती.

शिंपीकाकांचं हृदय थकलं. छातीत पाणी भरायला लागलं, आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. डॉक्टर म्हणाले, बसवून झोपवा, पुढे टेकायला काहीतरी द्या. बेबी उशांचे ढीग लावायची, आणि काकांना डुलकी लागली की ढीग कोसळायचा. तेव्हा ताई म्हणाली होती, "आमच्याकडे मिळतात तसल्या खुर्च्या, भाड्याने. मी उद्या पाठवते."

"भाड्याची?" बाबा म्हणाले. "त्याला? मी मेलोय का?"

ताईने सूनबाईकडे पाहिलं, सूनबाईने नवऱ्याकडे. आणि नवरा, जो एरवी सगळ्या बाबतीत बहिणीच्या बाजूने असायचा, तो म्हणाला, "मी मदत करतो बाबा. आपण दोघं करू."

सूनबाईला तेव्हाच कळलं होतं, हा असं का म्हणाला ते. लहानपणी त्याला मागच्या खोलीत पाय ठेवायची बंदी होती. "तुझ्या हाताला घाई आहे," म्हणून बाबांनी त्याला कायम हुसकावलं. आता बाबांचेच हात थरथरत होते, आणि पन्नाशीला टेकलेला हा मुलगा पहिल्यांदा करवत धरणार होता. तो रोज कचेरीतून धावतपळत येई, आणि जेवायच्या वेळी दोघं भुशाने माखलेले, एकमेकांवर खेकसत, पण खुशीत बाहेर येत. ताई मात्र रोज फोनवर विचारायची, "झाली का?" आणि "होतेय" ऐकून फोन ठेवायची.

काल झाली. जुन्या कपाटाच्या लाकडाची, रुंद हातांची, आणि पुढे छातीच्या उंचीवर एक फळी, तिच्यावर हात टाकून डोकं टेकायला. जिना चढवताना नवरा आणि टेम्पोवाला घामाघूम झाले. वर शिंपीकाका पलंगावर दारासमोरच बसलेले, चेहरा सुजलेला, पण दाढी केलेली. बेबी म्हणाली, सकाळपासून दाढी कर म्हणून मागे लागले होते.

आणि खुर्ची दारात अडकली.

सरळ घालून पाहिली, तिरकी केली, उलटी केली. दाराबाहेर लगेच भिंत, त्यामुळे आडवी वळवायला जागा नाही. हात आधी घातला तर फळी अडते, फळी आधी घातली तर पाय. जेमतेम बोटभर जास्त. चौकट खरवडली, कुणाचं तरी बोट चेंगरलं, टेम्पोवाला निघून गेला. बाबांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

"अरे," शिंपीकाका आतून म्हणाले. एका श्वासात त्यांना दोन-तीनच शब्द बोलता यायचे. "माया जास्त... झाली रे."

"गप बस तू," बाबा म्हणाले.

"मला बाहेर... घ्या. तिथेच बसतो."

"जिन्यात? लोकांच्या चपलांत? काही नको. घरी नेतो, मापाला आणतो, उद्या सकाळी घेऊन येतो. नीट तुझ्या खिडकीपाशी बसशील."

"उद्या?"

"उद्या. इतकी वर्षं तू मला उद्या ये, उद्या ये म्हणून फेऱ्या मारायला लावल्यास, आता जरा मी म्हणतो."

शिंपीकाका हसले. हसताना त्यांना ढास लागली, बेबीने पाठ चोळली. ढास थांबल्यावर म्हणाले, "मग ही... ट्रायल झाली." पुढे काही बोलले नाहीत. ताईने तेव्हा पुढे होऊन म्हटलं होतं, "बाबा, बसू दे की त्यांना थोडा वेळ बाहेर, बरं वाटेल." बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते खुर्ची परत खाली न्यायला लागले होते.

आता आतून रंध्याचा आवाज थांबला आणि करवतीचा सुरू झाला.

"आडवी पट्टी कापतायत," नवरा म्हणाला. "पहाटेच एका बाजूचे पाय सुटे केले त्यांनी. सांधे सगळे सरसाने चिकटवलेले, कसे सोडवले कुणास ठाऊक. मला उठवलं पण नाही." त्याने कप बाजूला सरकवला. "ताई, अगं, त्यांचं एवढं पुरं होऊ दे. अर्धवट राहिली तर आयुष्यभर ती तशी अर्धी बघत बसतील. पूर्ण झाली तर निदान..."

"निदान काय?"

"निदान केली, एवढं तरी राहील."

"आणि बेबी? ती तिथे एकटी बसलीये. बाबांनी तिथे असायला हवं."

"तासाभराने काय फरक पडतोय?"

"तुला नाही पडत," ताई म्हणाली. "मी म्हटलं होतं भाड्याने आणा. तेव्हा मधे पडलास तू."

"म्हणजे माझ्यामुळे गेले ते?"

"तसं म्हटलं का मी?"

"मग काय म्हटलंस?"

"माझ्यामुळे अडकली," सूनबाई म्हणाली.

दोघं तिच्याकडे वळली. रात्रभर तिच्या उरावर बसलेलं ते, आता तोंडातून निघून गेलं होतं. "माप घ्यायला मी गेले होते ना. काकांची रुंदी घेतली. अंगावर सूज होती, मला वाटलं, जरा मोकळं बसता यायला हवं. बोटभर वाढवून सांगितलं मी. दाराचं माप वेगळं घेतलं होतं, दोन बोटं शिल्लक राहत होती. म्हटलं, बोटभराने काय होतंय."

नवरा म्हणाला, "मी पण आखताना बोटभर सोडलं."

"तू का?" ताईने विचारलं.

"बाबांनीच शिकवलंय. पहिल्यांदाच आखत होतो, कमी पडलं असतं तर बाबांनी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "आणि कापलं बाबांनी. रेघेच्या बाहेरून. मी म्हटलं, बाबा, ही माया उतरवायचीय ना? तर म्हणाले, तू उतरव, माझे हात हलतात. आणि मला वाटलं, ते उतरवतीलच. माझ्यावर एवढं कुठे सोडतील?"

सूनबाईने मनातल्या मनात बोटं मोजली. ताईनेही मोजली असावीत, कारण ती एकदम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "सगळ्यांनी ठेवली आणि कुणी काढलीच नाही," ती म्हणाली. "काय म्हणावं या घराला! अरे, एकाने तरी कंजूषपणा करायचा होता."

नवऱ्याने डोकं हातात धरलं. तो आता रडत होता, आवाज न करता, लहान मुलासारखा ओठ मुडपून. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मघाची रागाची धार तिच्या चेहऱ्यावरून गेली होती. सूनबाईला वाटलं, ही दोघं आता एक झाली, म्हणजे आता थांबायचंच ठरणार, आणि तिला एकदम भीती वाटली. मघापर्यंत तीही नवऱ्याच्याच बाजूने होती. खुर्ची पूर्ण व्हावी, असं तिलाही वाटत होतं, कारण पूर्ण झाली तर तिने वाढवलेलं बोटभर त्यातून कापलं जाणार होतं. पण हे कळल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. आत म्हातारा माणूस कंबर मोडेपर्यंत राबतोय, आणि आपण बाहेर बसून आपलं ओझं त्याच्याकडून कापून घेतोय.

"ताई, तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे," ती म्हणाली. "आत्ताच सांगू या."

"अगं," नवरा म्हणाला.

"नाही. त्यांना घामाघूम करून मग सांगायचं? चला ताई."

ताई उठली. पदर खोचला, दोन पावलं गेली, आणि पॅसेजमध्ये थांबली. इस्पितळात हिने किती जणांच्या घरच्यांना अशी बातमी दिली असेल, त्याची गणती नाही. ती भिंतीला टेकली. "मला नाही गं जमत," ती म्हणाली. "तू सांग. ते तुझं ऐकतात."

"ते कुणाचंच ऐकत नाहीत."

"तुझं ऐकून तरी घेतात. माझ्यावर चिडतील, आणि मग रडणार नाहीत. तू जा."

सूनबाई एकटी पुढे झाली. मागच्या खोलीचं दार ओढलेलं होतं. ती ते ढकलणार, तेवढ्यात करवत थांबली आणि आतून बाबांचं बोलणं ऐकू आलं. आधी तिला वाटलं, आत कुणीतरी आहे.

"...आणि उश्या-बिश्या काही लागायच्या नाहीत आता, कळलं का शिंप्या? फळीवर हात ठेवायचे, हातावर डोकं ठेवायचं आणि खुशाल घोरायचं. त्या पोरीला झोपू दे जरा. तिचे डोळे बघितलेस का? नाही बघितलेस. तुझं लक्ष कायम माझ्या पोटाकडे." फुंकर मारून भुसा उडवल्याचा आवाज झाला. "काल तुला बाहेर बसवायला हवं होतं. ते चुकलंच माझं. रात्रभर झोप नाही मला त्यापायी. ताई सांगत होती, तिचंही ऐकलं नाही. पण तू तरी काय, एकदा म्हणालास आणि गप्प बसलास. दुसऱ्यांदा म्हणाला असतास तर जीभ झिजली असती का तुझी? तू जोर केला असतास तर मी ऐकलं असतं. तुझं ऐकतो मी, तुला ठाऊक आहे." करवत पुन्हा दोनदा ओढली गेली, आणि काहीतरी खाली पडलं. "हं. ही बघ, उतरली तुझी माया. आता कसा मापाला आलास."

सूनबाईने दार ढकललं. बाबा जमिनीवर बसले होते, मांडीवर आडवी पट्टी, अंगभर भुसा, चष्म्यावरही. खुर्चीचे दोन पाय भिंतीला टेकवून ठेवलेले. त्यांनी वर पाहिलं आणि खरंच खुशीत म्हणाले, "आलीस? त्याला उठव. खाचेत बसायला दोन कुसू पाडायचे आहेत, एक तो पाडेल, एक मी. सरस लावून दुपारपर्यंत पक्की होते. आणि बेबीला फोन कर, म्हणावं, निघतोय."

"बेबीचा फोन आला होता, बाबा."

"काय म्हणते?"

तिने खूप वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. ती त्यांच्यासमोर भुशातच खाली बसली आणि म्हणाली, "काका गेले."

हातातली पट्टी बाबांनी हळूच बाजूला ठेवली, सरळ, जशी रोज ठेवायचे तशी. दारात नवरा आणि ताई येऊन उभी राहिली होती. ताईचा हात अजून भावाच्या दंडावर होता.

"झोपेत?" बाबांनी विचारलं.

"बसल्या बसल्या. बेबी पाठीला पाठ लावून बसली होती. तिच्यावर टेकलेले होते."

"रात्रभर बसली?"

"हो."

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, आणि पुसतच राहिले. सूनबाईला वाटलं, आता ते विचारतील, माप कुणाचं चुकलं. त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं, आणि ते देऊन टाकायला ती अगदी आतुर झाली होती. पण त्यांनी ते विचारलं नाही.

"फोन केव्हा आला?"

सूनबाई पदरावरचा भुसा झटकायला लागली.

"केव्हा आला गं?"

"मघाशी," सूनबाई म्हणाली. "तुम्ही रंधा मारत होतात तेव्हा."

"करवत लावायच्या आधी."

"हो."

"बाबा, मी म्हटलं थांबू या," नवरा दारातून म्हणाला. "यांचं काही नाही. मीच म्हटलं, तुमचं पुरं होऊ दे."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं सूनबाईला वाटलं. मग त्यांनी समोरच्या भुशाकडे पाहिलं, कापून पडलेल्या तुकड्याकडे पाहिलं, आणि त्यांची हनुवटी हलायला लागली.

"मी त्याच्याशी बोलत होतो गं," ते म्हणाले. "मोठ्याने. तुम्हाला ऐकू आलं असेल."

"आलं, बाबा."

"सगळं सांगून टाकलं त्याला मी. कालचं. चुकलं म्हणालो." त्यांनी तिचा हात धरला, भुशाने खरखरीत झालेल्या हातात, घट्ट. "मग सांगायचं नाही का कुणी, की तो ऐकत नाहीये?"